निअर-एक्सपायरी यादी कोरी, तरी रॅकमध्ये मुदत संपलेली औषधे: मेडिकल दुकानातील नेहमीच्या तक्रारीचे निवारण

तक्रार अशी असते. महिनाअखेरीस संगणकावर पुढील तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी काढली जाते, त्या यादीतला माल रॅकमधून बाजूला केला जातो, स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक पुरवठादाराच्या, माणसाबरोबर परत पाठवला जातो आणि दुकानदार निश्चिंत होतो. मग दहा-पंधरा दिवसांनी घरी गेलेले एखादे गिऱ्हाईक परत येते, काउंटरवर स्ट्रिप ठेवते आणि म्हणते, "शेठ, ही तर मागच्याच महिन्यात संपली आहे." संगणकात पाहावे, तर त्या औषधाची एकच बॅच (म्हणजे एकत्र तयार झालेला, एकच क्रमांक असलेला माल) शिल्लक दिसते आणि तिची मुदत संपायला अजून वर्ष बाकी असते. समोर ठेवलेली स्ट्रिप संगणकाच्या लेखी दुकानात नाहीच.

मग घाईघाईने सगळे रॅक उपसले जातात, आणखी चार-सहा स्ट्रिपा आणि एखादे मलम सापडते, मदतनिसाला बोलणी बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच घडते. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो आणि हा प्रकार माझ्या दुकानात जवळजवळ दोन वर्षे होत राहिला. त्या काळात मी तपासणी महिन्यातून एकदा होती ती दोनदा केली, पण त्याने काडीचाही फरक पडला नाही, कारण बिघाड तपासणीत नव्हताच. माल दुकानात येतो त्या संध्याकाळी आणि बिल होते त्या क्षणी हा बिघाड होत असतो. तपासणीत तो केवळ दिसतो, आणि तोही उशिरा दिसतो.

पूर्वखूण: बिलातली किंमत आणि पाकिटावरची किंमत

मुदत संपलेली स्ट्रिप हाती येण्याच्या कितीतरी आधी हा बिघाड एका वेगळ्या तक्रारीतून बोलत असतो. गिऱ्हाईक म्हणते, "पाकिटावर ९८ रुपये छापले आहेत, तुम्ही १०४ लावले." आपण चूक झाली म्हणून सहा रुपये परत करतो आणि विषय मिटवतो. वास्तविक त्याच क्षणी थांबून पाहायला हवे, कारण एकाच औषधाच्या दोन बॅचच्या किमती वेगळ्या असतील आणि बिलावर एक, हातात दुसरी असे झाले असेल, तर हाताने दिलेला माल आणि संगणकाने वजा केलेला माल हे दोन वेगवेगळ्या बॅचचे आहेत हे तिथेच सिद्ध होते. किंमत-नियंत्रित औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकानुसार दर वर्षी १ एप्रिलपासून बदलतात आणि इतर औषधांची किंमत कंपनीला बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. त्यामुळे एप्रिल ते जुलै या काळात बहुतेक दुकानांत एकाच औषधाच्या दोन किमतींच्या स्ट्रिपा शेजारी शेजारी नांदत असतात. अशा तक्रारी याच महिन्यांत वाढत असतील, तर बिघाड तुमच्या दुकानातही आहे असे खुशाल समजावे.

दुसरी खूण अशी की एकूण शिल्लक बरोबर जुळते. ही गोष्ट चांगली वाटते आणि म्हणूनच ती फसवते. ती कशी फसवते हे एका औषधाचा हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

बिघाड नेमका कसा होतो

समजा, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम या रक्तदाबाच्या गोळीच्या जुन्या बॅचच्या सहा स्ट्रिपा खणात आहेत आणि त्यांची मुदत मार्चअखेर संपते. संध्याकाळी सात वाजता, काउंटरवर गर्दी असताना, स्टॉकिस्टचा मुलगा दहा स्ट्रिपांचा नवा डबा देऊन जातो. नव्या बॅचची मुदत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे. मदतनीस डबा फोडतो आणि मोकळी जागा पुढेच असल्यामुळे नव्या स्ट्रिपा पुढे लावतो. त्यात त्याचा आळस नसतो. समोर पाच माणसे उभी असताना खण रिकामा करून पुन्हा भरणे कोणालाही जमत नाही.

पुढच्या आठवड्यात सहा स्ट्रिपा विकल्या जातात. हात पुढच्या, म्हणजे नव्या स्ट्रिपांवर पडतो, पण बिल करताना बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून जुनी बॅच आधी सुचवते आणि बिल करणारा एंटर दाबून पुढे जातो. आता संगणक म्हणतो की जुनी बॅच शून्य आणि नवी दहा. खणात मात्र जुन्या सहा आणि नव्या चार आहेत. दोन्हीकडे बेरीज दहाच येते. आपण स्टॉक मोजतो तेव्हा दहा मोजतो, दहा लिहितो आणि समाधानाने पुढच्या औषधाकडे वळतो.

म्हणजे ज्या सहा स्ट्रिपा मार्चमध्ये संपणार आहेत, त्या यादीतून त्याच आठवड्यात नाहीशा झाल्या. मार्चच्या आधी कितीही वेळा यादी काढली, तरी त्या तिच्यात येणार नाहीत. दरम्यान आणखी एक डबा येतो, तोही पुढे लागतो आणि जुन्या सहा स्ट्रिपा आणखी मागे सरकतात. कोणत्या तरी सणाच्या आदल्या दिवशी पुढचा सगळा माल संपतो, हात खणाच्या तळाशी जातो आणि त्या स्ट्रिपा अखेरीस गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतात.

हाच बिघाड बिलावरच्या बॅच क्रमांकालाही खोटे ठरवतो, आणि माझ्या मते एखादी स्ट्रिप वाया जाण्यापेक्षा हे अधिक गंभीर आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत नापास झालेल्या औषधांची बॅचनिहाय यादी प्रसिद्ध करते. उद्या एखादी बॅच परत मागवली गेली, तर ती कोणाकोणाला दिली हे आपण बिलांवरूनच शोधणार, आणि बिलांवर तर भलतीच बॅच आहे.

याच बिघाडाला आणखी काही वाटा फुटतात. खरेदीची नोंद करताना मुदतीचा एक आकडा चुकला आणि २०२६ च्या जागी २०२८ पडले, तर ती बॅच दोन वर्षे यादीबाहेर राहते. अॅल्युमिनियमच्या स्ट्रिपवर मुदत पुष्कळदा शाईने न छापता ठसा उमटवून दिलेली असते आणि ट्यूबलाइटच्या सरळ उजेडात ३ आणि ८ सारखेच दिसतात. मोबाइलचा टॉर्च स्ट्रिपच्या एका कडेने आडवा धरला की ठशाची सावली पडते आणि आकडा स्वच्छ वाचता येतो. स्टॉकिस्टने पाठवलेले बिल थेट संगणकात ओढून घेण्याची सोय असली, तरी त्याच्याकडची चूक जशीच्या तशी आपल्याकडे येते, शिवाय ती आपल्या हाताने न टंकल्यामुळे तिच्यावर संशयही येत नाही. स्कीममध्ये, म्हणजे जास्त खरेदीवरच्या सवलतीत, मोफत आलेल्या नगांची बॅच कधी कधी बिलातल्या बॅचहून वेगळी असते, पण नोंद मात्र एकाच बॅचखाली होते. गिऱ्हाइकाने परत केलेली स्ट्रिप ज्या बॅचवर विकली होती तिच्यावर जमा न होता जी बॅच पडद्यावर दिसते तिच्यावर जमा होते.

सर्वांत वाईट वाट कापलेल्या स्ट्रिपांची आहे. पंधराच्या स्ट्रिपमधून पाच गोळ्या कापून दिल्या की उरलेला तुकडा परत खणात जातो, आणि कात्री ज्या बाजूने चालली त्या बाजूला बॅच व मुदत छापलेली असेल, तर उरलेल्या दहा गोळ्या निनावी होतात. पुष्कळ दुकानांत अशा तुकड्यांसाठी काउंटरखाली एक ड्रॉवर असतो. माझ्याकडेही होता. एका दुपारी तो टेबलावर उपडा केला, तेव्हा एकाच गोळीचे चार तुकडे निघाले. त्यांपैकी दोघांवर मुदत नव्हती, एकाची मुदत पाच महिन्यांपूर्वी संपली होती आणि चौथ्यावर फक्त वर्ष उरले होते, महिना कात्रीत गेला होता.

दुरुस्ती: आधी मोजणे, मग पडद्याकडे पाहणे

हा गोंधळ एकदा मुळापासून निस्तरावा लागतो. त्यासाठी दुकान बंद ठेवण्याची गरज नाही. दुपारी दोन ते चार या वेळात गिऱ्हाईक तुरळक असते, तेवढ्यात रोज साठ औषधे घेतली, तर अडीच हजार वस्तूंचे दुकान सहा आठवड्यांत पूर्ण होते. पद्धतीत एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी. खणातला माल पूर्ण बाहेर काढून बॅचनिहाय नग आधी कागदावर लिहावेत आणि त्यानंतरच संगणकातले आकडे पाहावेत. पडद्यावर "१०" पाहून मोजायला बसलेला माणूस दहाच मोजतो, हा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे.

सुरुवात वेगाने खपणाऱ्या गोळ्यांपासून करू नये. त्यांतला जुना माल तुलनेने लवकर वर येतोच. डोळ्यांचे आणि कानाचे थेंब, मलमे, लहान मुलांची सिरप, इंजेक्शनच्या ॲम्प्यूल, आणि जवळच्या दवाखान्यासाठी म्हणून दोन-दोन नग ठेवलेली तातडीची औषधे यांच्यापासून आरंभ करावा. ॲम्प्यूल खोक्यातून सुट्या काढून ट्रेमध्ये ठेवण्याची सवय असेल, तर ती याच वेळी मोडावी, कारण काचेवरची छपाई हाताळून पुसट होते आणि मग मुदत वाचण्यासाठी खोके शिल्लक नसते. शेड्यूल एच-१ मधील (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या) औषधांचे कपाटही पहिल्याच आठवड्यात घ्यावे. त्यांच्या विक्रीची नोंदवही आपण ठेवतोच, ती तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे आणि निरीक्षक आले की प्रथम तीच उघडली जाते, त्यामुळे तिच्यातील नोंदी आणि कपाटातील शिल्लक यांचा मेळ आधी बसलेला बरा.

मोजणी झाली की माल परत लावताना दिशा ठरवून द्यावी. आमच्याकडे रॅकवर नवा माल डावीकडून सरकतो आणि विक्रीसाठी उजवीकडून उचलला जातो. ड्रॉवरमध्ये नवा माल मागे आणि जुना पुढे राहतो. आधी आलेले आधी विकावे हा नियम येथे पुरेसा नाही, ज्याची मुदत आधी संपते ते आधी विकावे लागते, कारण आज आलेल्या डब्याची मुदत मागच्या महिन्यात आलेल्या डब्याहून जवळची असू शकते. यासाठी डब्याच्या पुढे येणाऱ्या बाजूवर जाड मार्करने मुदतीचा महिना आणि वर्ष लिहितो. रंगीत ठिपक्यांची चिकटपट्टीही वापरून पाहिली, पण कोणता रंग कोणत्या तिमाहीचा हे तीन महिन्यांनी कोणाच्याच लक्षात राहिले नाही आणि एकदा तर ठिपका नेमका बॅच क्रमांकावरच बसला. मार्कर स्वस्त आहे आणि त्याला खुलासा लागत नाही.

आता संध्याकाळच्या डिलिव्हरीकडे वळू, कारण बिघाडाचे मूळ तिथेच आहे. सहा ते नऊ या वेळात आलेला माल त्याच वेळी रॅकवर लावायचा नाही, असा नियम आम्ही केला. त्यासाठी काउंटरमागे "आवक" असे लिहिलेला प्लॅस्टिकचा क्रेट ठेवला आहे. रात्री आलेला माल त्यात थांबतो, सकाळी बिलाशी बॅच, मुदत, किंमत आणि नग ताडून पाहिले जातात आणि मगच तो रॅकवर जातो. जे औषध पूर्ण संपले असेल आणि गिऱ्हाईक उभे असेल, ते अर्थातच क्रेटमधून देतो, पण नोंद केल्यावरच. याला एकमेव अपवाद फ्रिजमधल्या मालाचा आहे. तो बर्फाच्या जेल पॅकसह आला पाहिजे, आणि डिलिव्हरीचा मुलगा दारात असतानाच खोके उघडून जेल अजून गार आहे की नाही हे हाताने पाहून माल लगेच फ्रिजमध्ये ठेवला पाहिजे. कोमट खोके सही करून घेतले, तर नंतर भांडायला जागा राहत नाही.

बिल करताना एंटर दाबण्याची सवय मोडणे सर्वांत कठीण गेले. उपाय म्हणून सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बॅच आपोआप निवडली जाण्याची सोय बंद केली आणि ज्याच्या हातात स्ट्रिप आहे त्याने बॅचचे शेवटचे तीन आकडे मोठ्याने वाचायचे, बिल करणाऱ्याने ते पडद्यावर निवडायचे, असे ठरवले. पहिले आठ दिवस सगळ्यांनी कुरकुर केली आणि त्या दिवसांत एका गिऱ्हाइकामागे थोडा जास्त वेळ गेला, हे कबूल केले पाहिजे. पुढे ते अंगवळणी पडले. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या मालावर ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांना क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे आणि त्यात बॅच व मुदत दोन्ही असतात, तेव्हा तुमचे सॉफ्टवेअर तो कोड वाचत असेल, तर तेवढ्या औषधांपुरते हे काम स्कॅनरवर सोपवावे.

कापलेल्या स्ट्रिपांसाठी कात्रीची बाजू ठरवली. ज्या टोकाला मुदत छापलेली आहे त्याच्या विरुद्ध टोकापासून कापायचे, म्हणजे मुदतीचा तुकडा शेवटपर्यंत आपल्याकडे राहतो. गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या तुकड्यावर मुदत येत नाही, म्हणून त्याच्या पाकिटावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत पेनाने लिहून देतो. उरलेला तुकडा रबर लावून त्याच बॅचच्या डब्यात पुढे ठेवतो. काउंटरखालचा ड्रॉवर काढून टाकला. तो रिकामा ठेवून चालले नसते, पुन्हा भरला असता.

ज्या मालाला मांडणीचा दोष लावता येत नाही

काही माल रॅकवर कसाही लावला तरी मुदतीपर्यंत उरणारच असतो, कारण तो घेतानाच जास्त घेतलेला असतो. महिन्याला दोन खपणारे मलम स्कीमच्या मोहाने चाळीस नग घेतले आणि मुदत पंधरा महिने असली, तर तीस खपतील आणि दहा उरतील, हा हिशेब खरेदीच्या दिवशीच करता येतो. डॉक्टरांनी ब्रँड बदलला किंवा त्यांची बदली झाली, तर तीसही खपत नाहीत. एखादे औषध महिन्याला किती जाते हे पाहून तीन महिन्यांहून अधिक माल न घेण्याचा दंडक पाळला, तर स्कीमचा फायदा कमी मिळतो, पण परतीची कटकट त्याहून अधिक कमी होते.

मुदत कोणत्या दिवशी मोजायची, याचाही विचार येथे केला पाहिजे. लेबलवर केवळ महिना आणि वर्ष असते आणि नियमानुसार त्याचा अर्थ त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत असा होतो. तेव्हा ३० तारखेला विकलेली स्ट्रिप कायद्याने चालते, पण ती गोळी रोज एक याप्रमाणे पुढचा महिनाभर घेतली जाणार असते. परदेशातून आलेला मुलगा आईवडिलांसाठी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सहा-सहा महिन्यांच्या एकदम घेऊन जातो, हे आता गावोगावी घडते, आणि अशा वेळी मुदत शेवटच्या गोळीच्या दिवसापर्यंत पुरते की नाही हे पाहूनच माल द्यावा. या कारणासाठी आम्ही मुदतीआधी तीन महिने माल विक्रीतून काढतो आणि तेवढ्यात स्टॉकिस्टची परतीची मुदतही सांभाळली जाते. ती प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून ती त्याच्या खात्यावरच लिहून ठेवावी.

तारीख बरोबर, तरी औषध निकामी

आतापर्यंत जे लिहिले ते छापलेली मुदत खरी आहे असे धरून लिहिले. ती मुदत मात्र लेबलवर सांगितलेल्या तापमानात ठेवल्यासच खरी असते, आणि येथे दुसरा, तितकाच नियमाने येणारा बिघाड होतो. आमच्याकडे तो दर डिसेंबरात होत असे. प्रीमिक्स (दोन प्रकार आधीच मिसळलेल्या) इन्सुलिनच्या बाटलीत हलवल्यानंतरही पांढरे कण काचेला चिकटून राहतात, अशी तक्रार दोन हिवाळे आली. सकाळी नऊ वाजता फ्रिजमधला थर्मामीटर पाच अंश दाखवत होता, त्यामुळे आम्ही दोष गिऱ्हाइकाच्या घरच्या फ्रिजला देत राहिलो.

दिवसातले किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणल्यावर उलगडा झाला. पहाटेचे किमान तापमान उणे एक अंश होते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना फ्रिजच्या तापमानाचा खटका शेवटच्या आकड्यावर नेलेला होता आणि तो नंतर कोणी खाली आणलाच नव्हता. थंडीत बाहेरून आत शिरणारी उष्णता घटते, त्यामुळे त्याच खटक्यावर एकदारी फ्रिजचा आतला भाग गोठणबिंदूखाली जातो. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळून नेहमीसारखे दिसले तरी ते वापरता येत नाही, टाकूनच द्यावे लागते. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस-बी च्या लशींचेही तसेच आहे.

त्यानंतर केलेले बदल साधे आहेत. खटका ऋतूनुसार वर्षातून दोनदा बदलतो आणि बदलल्याची तारीख फ्रिजच्या दारावर लिहितो. २ ते ८ अंशांत ठेवण्याचा माल मागच्या भिंतीला, बर्फाच्या कप्प्याला किंवा दाराच्या खणात ठेवत नाही, मधल्या जाळीवर भिंतीपासून बोटभर अंतर सोडून ठेवतो. तळाच्या भाजीच्या खणात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आहेत, त्यामुळे वीज गेली तरी आतला गारवा अधिक वेळ टिकतो, आणि वीज नसताना दार उघडायचे नाही हे सगळ्यांना माहीत आहे. किमान-कमाल आकडे सकाळी आणि रात्री लिहून थर्मामीटरमधली जुनी नोंद पुसली जाते. फ्रिजमधून एकदा बाहेर गेलेले औषध गिऱ्हाइकाने बिलासह परत आणले तरी विक्रीत घेत नाही, कारण मधल्या दोन दिवसांत ते कोठे होते हे सांगणे कोणाच्याही हाती नसते. डबा, दूध आणि थंड पाणी यांसाठी दुसरा छोटा फ्रिज घ्यावा लागला. हा खर्च टाळण्याचा मी दोन वर्षे प्रयत्न केला होता.

फ्रिजबाहेरच्या मालाचा शत्रू आमच्याकडे माळा आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर जास्तीची खोकी चढवण्याची सवय बहुतेक दुकानांत असते आणि वर तोच थर्मामीटर ठेवून पाहिला, तेव्हा मे महिन्यात दुपारी तो ४० च्या पुढे गेला. भारतीय औषधसंहितेच्या व्याख्येत ४० अंशांवरचे तापमान "अति उष्णता" समजले जाते. "३० अंशांखाली ठेवा" असे लिहिलेली कॅप्सूल तेथे एकमेकींना चिकटतात, गुदमार्गे देण्याच्या वड्या वितळतात आणि मलमाच्या ट्यूबमधून आधी तेल बाहेर येते. आता माळ्यावर सिरिंज, कापूस आणि डायपर आहेत. कोकणातल्या व्यवसायबंधूंची तक्रार याहून निराळी, म्हणजे दमटपणाची असते. पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या रॅकवर ओआरएसच्या पुड्यांचे खडे होतात, आणि ॲस्पिरिनच्या उघड्या बरणीला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, कारण ओलाव्याने ॲस्पिरिनचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल तयार होते. तो वास आला की मुदत कितीही शिल्लक असली तरी ती बरणी बाजूला काढावी.

बाजूला काढलेल्या मालाची जागा

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम ६५ नुसार मुदत संपलेले औषध विकणे किंवा विक्रीच्या मालात ठेवणे निषिद्ध आहे. परतीसाठी किंवा नष्ट करण्यासाठी ते थांबवून ठेवायचे असेल, तर वेगळ्या खोक्यात ठेवून वर "विक्रीसाठी नाही" असे ठळकपणे लिहावे लागते. आमच्या दुकानात अशी दोन खोकी होती आणि तीही काउंटरच्या जवळ, म्हणून गर्दीत एकदा नव्या मुलाने तेथूनच स्ट्रिप उचलली होती. आता खोके आतल्या खोलीत कुलूपबंद कपाटात असते, प्रत्येक नग त्यात टाकताना बॅचसह यादीत लिहिला जातो आणि क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाची रक्कम जमा झाल्याची पावती) आली की त्या यादीवर खूण केली जाते. स्टॉकिस्ट ज्याला नकार देतो तो माल कचरागाडीत टाकू नये, कारण तेथून तो उचलून पुन्हा बाजारात येऊ शकतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेल्या औषधांना पिवळ्या पिशवीचा वर्ग आहे, तेव्हा जवळच्या रुग्णालयाकडे किंवा कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे चौकशी करून तो पावतीसह सोपवावा.

दुरुस्ती टिकली की नाही

संपूर्ण मोजणी झाल्यानंतर एका महिन्याने डोळे मिटून वीस औषधे निवडावीत आणि फक्त बॅच ताडून पाहावी, एकूण नग पाहूच नयेत. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा वीसपैकी पाच औषधांत बॅच चुकीची निघाली आणि मी पुरता खट्टू झालो. नंतर त्या पाचांची बिले काढून पाहिली, तर पाचही रविवारची निघाली. रविवारी माझा पुतण्या बसतो, आणि बॅचचे आकडे मोठ्याने वाचण्याचा नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता. पुढच्या रविवारी मी त्याच्या शेजारी तासभर बसलो. त्याच्या पुढच्या महिन्यात वीसपैकी एक चूक निघाली, तीही गिऱ्हाइकाने परत केलेल्या खोकल्याच्या सिरपची, म्हणून आता परत आलेला मालही आधी "आवक" क्रेटमध्येच जातो.